नव्या प्रेसिंगची एलपी: घेण्यापूर्वी, उघडताना आणि ऐकताना काय तपासावे

जुन्या एलपी नव्याने प्रेस होऊन बाजारात येऊ लागल्यापासून दोन तक्रारी सतत ऐकू येतात. एक, 'एवढे पैसे मोजले आणि आवाज सीडीसारखाच.' दुसरी, 'कोरी रेकॉर्ड, तरी खरखरते.' तक्रार बहुतेक वेळा खरी असते, पण तिचे खापर भलत्यावरच फुटते. सुई झिजलेली असते आणि शिव्या कंपनीला बसतात. मास्टरिंग मुळातच बिघडलेले असते आणि लोक तीच रेकॉर्ड तीनदा बदलून मागवतात.

एलपीतून आवाज आपल्या कानापर्यंत येतो तो चार थरांतून: मूळ ध्वनिमुद्रण, नव्या आवृत्तीसाठी केलेले मास्टरिंग (आवाजाला दिलेले अंतिम रूप) आणि कटिंग (तो आवाज मूळ तबकडीवर खाचांत कापणे), कारखान्यातले प्रेसिंग (साच्यात दाबून प्रती काढणे) आणि शेवटी आपले यंत्र. पारख करायची ती उलट्या क्रमाने. आधी यंत्र, मग हातातली प्रत, मग कटिंग आणि मास्टरिंग. हा क्रम सोडला की काय परत करायचे, काय ठेवायचे आणि कशाला दुसरी आवृत्ती शोधायची, हे कधीच कळत नाही. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाच्या सोयीने लावले आहेत.

## टप्पा १: खरेदीआधी स्वतःचे यंत्र ताळ्यावर आणा

१. टर्नटेबल सपाट आहे ना, ते पाण्याच्या लेव्हलने दोन्ही दिशांना पाहा. स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्याच टेबलावर टर्नटेबल ठेवू नका.

२. वेग मोजा. स्ट्रोब तबकडी (दिव्याखाली फिरताना रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असे दाखवणारी चकती) वापरणार असाल तर ती ५० हर्ट्झची हवी. ३३⅓ वेगासाठी तिच्यावर १८० रेघा असतात. अमेरिकेहून आलेल्या तबकडीवर ६० हर्ट्झसाठीच्या २१६ रेघा असतात आणि आपल्या विजेवर ती चुकीचेच सांगणार. शिवाय घरातले बरेच एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा स्थिर दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब लावा, नाहीतर फोनमधले वेग मोजणारे अ‍ॅप वापरा.

३. सुईचा दाब डिजिटल काट्यावर मोजा. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावरचे आकडे केवळ अंदाज देतात. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) २ ग्रॅम, ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम असा दाब कंपनीनेच सांगितलेला आहे. तो पाळा. 'दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकते' हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या आवाजाला उडते आणि खाचेच्या भिंतींवर आपटते. नुकसान त्यानेच होते.

४. कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील पट्टीवर) जुळवा. याला वेळ लागतो. पुढे कानाने जे ठरवायचे आहे त्यातले निम्मे या अर्ध्या तासावर अवलंबून आहे.

५. सुई स्वच्छ करा. ब्रश मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बाजूने आपल्याकडे, एकाच दिशेने फिरवा. सुईने किती तास काढले याचा अंदाज नसेल तर ती जुनी धरून चाला. साधी सुई साधारण ५०० ते १००० तासांत बदलायची होते.

६. तुमच्या संग्रहातली एक रेकॉर्ड 'मापाची' म्हणून नेमा. स्वच्छ, अक्षर न् अक्षर पाठ असलेली, शक्यतो गाण्याची. प्रत्येक नव्या रेकॉर्डआधी तिचाच एक तुकडा लावायचा.

सावधान: सुटकेससारख्या बंद होणाऱ्या स्वस्त प्लेयरवर आवाजाची पारख होत नाही. त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि दाब ५ ग्रॅमच्या आसपास जातो. रेकॉर्डवर पैसे घालण्याआधी ते पैसे यंत्रावर घाला. हे कटू वाटेल, पण यात तडजोड नाही.

पडताळा: मापाच्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंचे शेवटचे गाणे लावा. तिथे 'स', 'श', 'च' फाटत असतील तर नवी रेकॉर्ड अजून मागवू नका. दोष कोन, दाब किंवा सुईचा आहे.

## टप्पा २: कोणती आवृत्ती, हे ठरवा

लोक अल्बम निवडतात आणि समोर आलेली पहिली प्रत घेतात. निवडायची असते ती आवृत्ती. एकाच अल्बमच्या पाच आवृत्त्या बाजारात असतात, पाचही 'नव्या' असतात आणि त्यांचे आवाज पाच तऱ्हांचे असतात.

१. वेष्टनावरचा स्टिकर नीट वाचा, आणि त्यावर काय लिहिलेले नाही तेही पाहा. '१८० ग्रॅम' म्हणजे प्लास्टिक किती, एवढेच. त्यातून आवाज कुठून घेतला, कोणी कापला, हे काहीच कळत नाही. १२० ते १४० ग्रॅमच्या जुन्या रेकॉर्ड अप्रतिम वाजतात. 'रीमास्टर्ड' म्हणजे कोणीतरी काहीतरी केले, चांगले की वाईट ते सांगितलेले नाही. कामाची वाक्ये वेगळी असतात: मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कापले, अमुक इंजिनिअरने कापले, अमुक कारखान्यात प्रेस केले. प्रकाशक ही माहिती अभिमानाने छापतो. ती नसेल तर ती सांगण्यासारखी नसावी, असे समजून किंमत मोजा.

२. प्रकाशकाकडे टेप असणे शक्य आहे का, हे विचारा. युरोपीय संघात १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपलेला आहे. त्यामुळे १९५० च्या दशकातले जॅझ तिथे कोणीही कायदेशीरपणे छापू शकतो, मूळ टेप पाहिलेली नसतानाही. अशा स्वस्त आवृत्त्यांचा स्रोत बहुतेक वेळा सीडी किंवा तत्सम फाइल असतो. भारतात हा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या हिंदी-मराठी गाण्यांचे ध्वनिमुद्रणही एकेक वर्ष करत त्या कक्षेबाहेर पडत आहे. एचएमव्हीचा भारतीय संग्रह सारेगामाकडे आहे. दुसऱ्याच कुणाच्या नावाने तीच गाणी दिसली तर 'आवाज कुठून घेतला?' हा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा.

३. डिजिटल म्हटले की नाक मुरडू नका. २४ बिटच्या चांगल्या फाइलवरून जाणत्या माणसाने कापलेली एलपी ही खराब टेपवरून कापलेल्या 'शुद्ध अ‍ॅनालॉग' एलपीपेक्षा कितीतरी सरस वाजते. २०२२ साली मोबाईल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीबाबत उघड झाले की, पूर्ण अ‍ॅनालॉग समजून घेतल्या गेलेल्या तिच्या अनेक रेकॉर्डच्या निर्मितीत डीएसडी ही डिजिटल पायरी होती. तोवर त्याच रेकॉर्डची कानाने ऐकून वाहवा झाली होती. कंपनीने खरे सांगायला हवे होते, यात शंका नाही. आपल्यासाठी धडा असा की स्रोताची माहिती निवडीसाठी वापरा, निकाल कानावर सोपवा.

४. मोनो की स्टिरिओ, हे मूळ क्रमांकावरून ताडा. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींच्या क्रमांकांतली अक्षरे इथे मदतीला येतात. ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर मूळ रेकॉर्ड मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मूळ मोनो असलेल्या गाण्यांची नवी आवृत्ती 'स्टिरिओ' म्हणून विकली जात असेल तर सावध व्हा. एकच आवाज दोन बाजूंना वेगवेगळा रंगवून केलेला तो कृत्रिम पसारा असू शकतो. हेडफोनवर गायकाचा आवाज मध्यभागी घट्ट न बसता पोकळ, डोक्याभोवती सांडल्यासारखा वाटला तर ओळखा.

५. एका बाजूला किती मिनिटे आहेत, ते मोजा. ३३⅓ च्या एलपीवर बाजूला १८ ते २२ मिनिटे असली तर इंजिनिअरला मोकळेपणाने कापता येते. २५ मिनिटांच्या पुढे खाचा दाटीने बसवाव्या लागतात, आवाजाची पातळी आणि खर्ज कमी करावा लागतो आणि प्लास्टिकची सळसळ वर येते. 'सुवर्णगीते' छापाच्या संग्रहांत एका बाजूला आठ-आठ गाणी कोंबलेली दिसली की मी ती बाजूला ठेवतो. ख्याल गायकीच्या एलपीत मात्र २२-२४ मिनिटांचा एकच राग असतो आणि तिथे इलाज नसतो. संगीत मुळात शांत असल्याने ते निभावतेही.

६. झंकार आवृत्ती तर नाही ना? जुन्या हिंदी गाण्यांवर वरून ढोलकी-ड्रम चढवलेल्या झंकार बीट्सच्या आवृत्त्या कॅसेटच्या काळात भरपूर निघाल्या. नव्या एलपीची गाण्यांची यादी आणि तळटीप वाचा, आणि विक्रेत्याकडे नमुना ऐकायची सोय असेल तर पहिले गाणे ऐका.

७. कापणाऱ्याचे नाव शोधा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर, जिथे शेवटची खाच संपते तिथे, काही आकडे आणि रोमन अक्षरे कोरलेली असतात. इंजिनिअर आपली आद्याक्षरे तिथे ठेवतात: केव्हिन ग्रे यांची केपीजी, बर्नी ग्रंडमन यांची बीजी, क्रिस बेलमन यांची सीबी, रायन स्मिथ यांची आरकेएस. डिस्कॉग्ज या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या नोंदीत ही अक्षरे दिलेली असतात. ब्लू नोट या जॅझ कंपनीची २०१९ पासूनची 'टोन पोएट' मालिका केव्हिन ग्रे यांनी मूळ टेपवरून कापली आहे. चांगले काम कसे वाजते हे एकदा ऐकून ठेवायला तिच्यातली एक तरी रेकॉर्ड घ्यावी, जॅझची फार आवड नसली तरी.

नेहमीच्या चुका: मोठ्या ऑनलाइन दुकानांत एका अल्बमच्या सगळ्या आवृत्त्यांचे, कधी कधी सीडीचेसुद्धा, अभिप्राय एकाच ठिकाणी दिसतात. पाच तारे नेमके कोणत्या प्रेसिंगला आहेत, ते कळत नाही. अभिप्रायात क्रमांक किंवा वर्ष असेल तरच तो धरा. दुसरी चूक म्हणजे डायनॅमिक रेंजच्या (मंद आणि मोठ्या आवाजातल्या अंतराच्या) आकड्यांवर विसंबणे. एलपीवरून मोजलेला आकडा त्याच मास्टरच्या डिजिटल फाइलपेक्षा जास्त येतो, कारण कटिंग आणि सुईच्या प्रवासात लाटेचा आकार बदलतो. त्यावरून 'एलपीचे मास्टरिंग वेगळे आहे' असे सिद्ध होत नाही.

## टप्पा ३: मागवताना

एप्रिल-मेमध्ये लांबच्या गावाहून एलपी मागवू नका, निदान कुरिअरच्या गाडीत शनिवार-रविवार अडकेल अशा बेताने तरी नको. रेकॉर्डचे प्लास्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते आणि उन्हात बंद उभी असलेली गाडी त्या तापमानाच्या जवळ सहज पोचते. वाकलेल्या रेकॉर्डपैकी किती कारखान्यात वाकल्या आणि किती वाटेत, हे कोणी सांगू शकत नाही. उन्हाळ्यात जवळच्या दुकानातून हाताने आणणे केव्हाही चांगले.

विक्रेत्याला तीन गोष्टी आधीच विचारा: खोक्यात रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा असतो का, सदोष प्रत बदलून मिळते का आणि त्यासाठी पुरावा कसला लागतो. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा हाताळणी आकार धरून एकूण किंमत काढा, आणि हेही लक्षात घ्या की परदेशी प्रत परत पाठवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. जी आवृत्ती इथल्या दुकानात मिळते ती थोडी महाग असली तरी इथेच घ्या. बदलून मिळण्याची शक्यता हीच त्या जास्तीच्या पैशांची किंमत आहे.

## टप्पा ४: उघडताना

१. पार्सल फोडण्यापासून रेकॉर्ड बाहेर काढेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या. खोक्याच्या चारही बाजू, पत्त्याची चिठ्ठी, मग वेष्टन. मध्ये थांबवलेला व्हिडिओ बरेच विक्रेते मानत नाहीत.

२. वेष्टन उघड्या कडेने फाडा, पाठीच्या बाजूने नाही. कव्हरवर थेट सुरी चालवू नका.

३. रेकॉर्ड कडेला आणि लेबलला धरून काढा आणि एकाच तिरप्या दिव्याखाली सावकाश फिरवा. काय दिसते, त्यावर पुढचे ठरते:

कागदी स्लीव्हच्या बारीक, नखाला न लागणाऱ्या घासपट्ट्या बहुधा ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येणारच. खाचांवर एका पट्ट्यात बारीक चमकदार ठिपके किंवा निस्तेज चट्टा दिसला तर साच्यात प्लास्टिक पूर्ण भरले नसण्याची शक्यता आहे. त्या जागेचा फोटो आत्ताच काढा, धुतल्यावर नाही. लेबलवर फुगवटा किंवा सुरकुती असेल आणि ती खाचांपर्यंत पोचत नसेल तर सोडून द्या.

४. रेकॉर्ड फिरत ठेवा आणि कडेच्या पातळीवर डोळे आणून पाहा. थोडे हेलकावे जवळपास प्रत्येक रेकॉर्डला असतात. कडेला एकाच जागी चढलेला टोकदार उंचवटा वाईट. सबंध तबकडी बशीसारखी वाकली असेल तर बहुधा सुई सांभाळून घेते.

सावधान: वाकलेली रेकॉर्ड उन्हात किंवा पुस्तकांच्या चळतीखाली सरळ करू नका. खाचा कायमच्या बिघडतात आणि परत करायचा हक्कही जातो.

## टप्पा ५: वाजवण्याआधी धुवा

कोऱ्या रेकॉर्डला कशाला धुवायचे, असे बहुतेकांना वाटते. कारखान्यातले प्लास्टिकचे कण आणि पुठ्ठ्याचा चुरा खाचांत असतो. पहिल्याच फेरीत सुई तो रगडत जाते. न धुता केलेल्या पारखीला अर्थ नाही, कारण नंतर ऐकू येणारी टकटक मळाची की प्रेसिंगची, हे सांगता येत नाही.

१. डिस्टिल्ड वॉटर घ्या. बॅटरीचे म्हणून सुटे मिळणारे पाणी नको, औषधाच्या दुकानातून सीलबंद बाटली आणा. नळाचे पाणी सुकल्यावर क्षार सोडते.

२. धुण्यासाठी वेगळे करून ठेवलेल्या पाण्यात बिनवासाच्या साबणद्रवाचा एखादाच थेंब टाका. त्याहून जास्त टाकला तर तोच खाचांत राहतो.

३. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नाही. लेबल कोरडे ठेवा.

४. साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खंगाळा, मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे काम पंख्याखाली करा आणि घाई करू नका. ओलसर रेकॉर्ड स्लीव्हमध्ये गेली तर कोकण-मुंबईच्या हवेत बुरशी ठरलेली.

५. कारखान्याची कागदी स्लीव्ह कव्हरमध्ये मागे ठेवून द्या आणि रेकॉर्ड आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या स्लीव्हमध्ये ठेवा.

सावधान: काही घरगुती द्रावणांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. तोच ब्रश, तेच द्रावण घरातल्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डना लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने विरघळतात.

## टप्पा ६: पहिले ऐकणे, फक्त प्रेसिंगसाठी

या वेळी संगीताचा आनंद घ्यायचा नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा, शक्यतो हेडफोन लावा आणि दोन्ही बाजू सलग ऐका. एकच आकडा पाठ ठेवा: ३३⅓ च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते. बहुतेक निदान त्यावरून होते.

टक… टक… दर १.८ सेकंदांनी. एकाच जागचा ओरखडा किंवा प्लास्टिकचा फुगवटा. आठ-दहा फेऱ्यांनंतर गेला तर सोडून द्या. मिनिटभर टिकला तर वेळ लिहून ठेवा.

अनियमित टकटक, चुरचुर. धूळ किंवा स्थिर वीज. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, विशेषतः पुणे-नाशिककडे, हे वाढते. कार्बन फायबरचा ब्रश फिरवून किंवा पुन्हा धुऊन तोच तुकडा ऐका. आवाजाची जागा बदलली तर दोष रेकॉर्डचा नाही.

कापड फाडल्यासारखी चर्र, बहुधा एकाच कानात, प्रत्येक फेरीत. प्लास्टिक न भरल्याची खूण. धुऊन जात नाही, वाजवून सुटत नाही. टप्पा ४ मध्ये काढलेला फोटो आता कामाला येतो.

गाणे सुरू होण्याआधी त्याच सुराची पुसट चाहूल. ती बरोबर १.८ सेकंद आधी येत असेल तर शेजारच्या खाचेचा ठसा आहे. कटिंगच्या वेळी मोठ्या आवाजाची खाच शेजारच्या खाचेला किंचित ढकलते. याचा मूळ साच्याशी संबंध असल्यामुळे प्रत बदलून काहीही होणार नाही.

सूर डोलणे. हा दोष सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो आणि आपल्या संगीताचे सर्वांत जास्त नुकसान तोच करतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मधले भोक खाचांच्या केंद्रावर नेमके नसेल तर प्रत्येक फेरीत सूर किंचित चढतो आणि उतरतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकले असेल तर बाहेरच्या कडेला हा फरक साधारण ०.३४ टक्के, म्हणजे ६ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, आणि तीच रेकॉर्ड लेबलजवळ पोचली की ०.८३ टक्के, म्हणजे १४ सेंट होतो, तोही वर आणि खाली दोन्हीकडे. ठेक्याच्या गाण्यात किंवा रॉक संगीतात तो खपून जातो. लांबलेली पेटी, सनई, बासरी, मागे अखंड चाललेला तंबोरा यांत तो लपत नाही.

तपासायची रीत अशी. बाजूची शेवटची पाच मिनिटे लावा. गवयाच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका, कारण मींड आणि आंदोलन यांत कान फसतो. तंबोऱ्याचा किंवा पेटीचा षड्ज पकडा. तो दर १.८ सेकंदांना झुल्यासारखा वर-खाली होत असेल तर डोळ्यांनी खात्री करा: समोरून पाहिल्यावर टोनआर्म प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे हलताना दिसेल. लेबल तिरके चिकटले आहे म्हणून भोक सरकले, असा निष्कर्ष काढू नका. लेबल आणि खाचा यांची केंद्रे वेगळी असू शकतात. टोनआर्मच खरे सांगतो.

पडताळा: शंका आली की मापाची रेकॉर्ड लावा. तीही डोलत असेल तर दोष टर्नटेबलच्या पट्ट्याचा किंवा मोटरचा आहे. सगळ्याच रेकॉर्ड थोड्या चढ्या किंवा उतरत्या सुरात वाजत असतील तर वेग पुन्हा मोजा.

## टप्पा ७: दुसरे ऐकणे, कटिंग आणि मास्टरिंगसाठी

किमान एक दिवस जाऊ द्या. प्रेसिंगचे दोष शोधून शिणलेला कान मास्टरिंगलाही दोष देतो.

१. तुलनेसाठी दुसरा आवाज घ्या आणि पातळी जुळवा. त्याच अल्बमची जुनी एलपी, सीडी किंवा स्ट्रीमिंग, काहीही चालेल. फोनवर आवाज मोजणारे अ‍ॅप लावून, ऐकायच्या जागेवरून, दोन्हींची पातळी सारखी करा. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला 'जास्त जिवंत' वाटतो आणि मग तो जिंकतो. या एका चुकीमुळे इतके चुकीचे निकाल लागतात की पातळी न जुळवता केलेली तुलना मी ऐकूनच घेत नाही.

२. आधी तंबोरा, झांज आणि टेपची सळसळ ऐका. जुन्या टेपवर सळसळ असणे स्वाभाविक आहे. डिजिटल सफाई करणारा ती पुसायला जातो आणि तिच्यासोबत तंबोऱ्याची जवारी पुसतो. वरच्या षड्जाभोवतीचे ते गुंजन जाऊन नुसता टणत्कार उरला, झांज पाण्याखाली वाजल्यासारखी झाली, तबल्याच्या किनारीची धार बोथट झाली, की समजा, सफाई जास्त झाली आहे. सळसळ ऐकू येणारी आवृत्ती अशा गुळगुळीत आवृत्तीपेक्षा मला नेहमीच पसंत आहे. पार्श्वभूमी शांत म्हणजे आवाज चांगला, ही समजूत सोडायला हवी.

३. मग आवाजाचे चढ-उतार. ज्या गाण्यात हळू अंतऱ्यानंतर पूर्ण वाद्यवृंद येतो ते निवडा. वाद्यवृंद आल्यावर आवाज मोठा झाला की फक्त गर्दी वाढली? सगळे एकाच पातळीवर सपाट भिंतीसारखे वाटले तर मास्टरिंगमध्ये दाबले आहे. १८० ग्रॅम सोडा, २५० ग्रॅमच्या तबकडीवरही तो दाब सुटणार नाही.

४. पहिले आणि शेवटचे गाणे शेजारी ठेवून ऐका. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ फक्त २१. तेवढ्या कमी जागेत तेच वरचे सूर बसवायचे असतात, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटतात. थोडा फरक प्रत्येक रेकॉर्डमध्ये असतो. मापाच्या रेकॉर्डपेक्षा स्पष्ट जास्त फाटत असेल तर कापणाऱ्याने पातळी जास्त ठेवली किंवा बाजूवर मिनिटे कोंबली. साध्या गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल किंवा मायक्रोलाइन टोकाची सुई इथे पुष्कळ सुधारणा करते. रेकॉर्ड दोषी ठरवण्याआधी एखाद्या मित्राकडच्या चांगल्या सुईवर तोच तुकडा ऐका.

५. सुराची उंची ताडून पाहा. ट्यूनर अ‍ॅपवर दोन्ही आवृत्त्यांचा षड्ज सेंटमध्ये मोजा. वेगातला १ टक्का फरक म्हणजे सुमारे १७ सेंट. तुमचे टर्नटेबल अचूक असून ही एकच रेकॉर्ड चढी वाजत असेल तर चूक टेपच्या वेगाची आहे. असे मोठमोठ्यांच्या बाबतीत झालेले आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमच्या पहिल्या बाजूचे मुद्रण १९५९ साली हळू चाललेल्या यंत्रावर झाले आणि तिन्ही रचना अनेक दशके किंचित चढ्या सुरात विकल्या गेल्या. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून ते दुरुस्त झाले. ७८ च्या रेकॉर्डवरून उतरवलेल्या जुन्या गायकीत तर वेगाचा घोळ फार होतो, कारण सुरुवातीच्या काळात वेग काटेकोर नव्हता. गायकाचा आवाज विनाकारण कोवळा किंवा जड वाटला की हे तपासाच.

## टप्पा ८: काय करायचे, ते ठरवा

प्रत बदलून मागा: सूर ऐकू येण्याइतका डोलतो, प्लास्टिक भरलेले नाही, सुई उडते, नखाला लागणारा ओरखडा आहे. तक्रारीत बाजू, गाणे आणि मिनिट-सेकंद लिहा, फोटो आणि फोनवर मुद्रित केलेला आवाजाचा तुकडा जोडा. 'आवाज चांगला नाही' एवढ्याच वाक्यावर कोणी प्रत बदलून देत नाही.

एकदाच बदला, दुसऱ्यांदा नाही: बदलून आलेल्या प्रतीत तोच दोष अगदी त्याच जागी असेल तर तो साच्यात आहे. एका साच्यातून साधारण हजारभर प्रती निघतात आणि दुकानात एकाच खेपेचा माल असतो. पैसे परत मागा आणि शेवटच्या पट्टीवरची अक्षरे वेगळी असलेली आवृत्ती शोधा.

दुसरी आवृत्ती शोधा: आवाज दाबलेला, जवारी पुसलेली, मोनोचा खोटा स्टिरिओ केलेला, सूर चढा. हा विक्रेत्याचा दोष नाही आणि प्रत बदलून काही मिळणार नाही. अशा वेळी मूळ छपाईची सुस्थितीतली जुनी एलपी, किंवा खुशाल सीडी घ्या. चांगल्या मास्टरिंगची सीडी वाईट मास्टरिंगच्या एलपीपेक्षा नक्कीच चांगली.

ठेवा: एखाद-दुसरी टक, कागदाच्या घासपट्ट्या, बशीसारखा हलका बाक, पुसट पूर्वचाहूल. एवढ्यावरून बदलायला गेलात तर दुसरी प्रत याहून वाईट येण्याचीच शक्यता जास्त.

ठेवायचे ठरले की आतल्या स्लीव्हवर पेन्सिलने चार गोष्टी लिहा: खरेदीची तारीख, शेवटच्या पट्टीवरची अक्षरे दोन्ही बाजूंची, कुठे कोणता दोष आणि ऐकताना कोणती सुई होती ते. सुई बदलल्यावर ज्या रेकॉर्डच्या नोंदीत 'शेवटचे गाणे फाटते' असे लिहिले आहे, त्या आधी पुन्हा लावून पाहा.